जागेवरून माणसाकडे: पाचगणीतील वंशशोधाचे काम

दख्खनमधील जुन्या गावात एखाद्या घराण्याचा इतिहास शोधणे आणि एकोणिसाव्या शतकात नव्याने वसवलेल्या गिरिस्थानात तो शोधणे, ही दोन कामे वरवर सारखी वाटली तरी त्यांची साधने वेगळी असतात आणि त्यांत होणारी फसगतही वेगळी असते. जुन्या गावात पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांची घराणी वतनाला बांधलेली असल्यामुळे वतनाच्या तंट्यांत सादर झालेले करीने, म्हणजे घराण्याने आपल्या हक्काची पिढीवार सांगितलेली हकीगत, आणि महजर, म्हणजे गोतसभेने दिलेल्या निवाड्याचा लेख, यांतून पाच-सात पिढ्यांची नावे बऱ्याचदा एकाच दप्तरात सापडतात. पाचगणीच्या वाट्याला असे दप्तर आलेले नाही, कारण पाचगणी ही वस्तीच १८६० नंतरच्या दशकातील आहे आणि तिचे पहिले रहिवासी, मग ते बंगलेवाले असोत की त्यांचे कपडे धुणारे, कोठून ना कोठून तेथे आलेले होते. त्यामुळे पाचगणीतील आद्य वसाहतकर्त्या पूर्वजाचा माग काढणारा संशोधक जी पहिली पिढी हाती धरतो, तिची मुळे नेहमी दुसऱ्या गावात, दुसऱ्या जिल्ह्यात आणि काही वेळा समुद्रापलीकडे असतात.

वस्ती कशी उभी राहिली हे थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरचे गिरिस्थान उभारले आणि ती जागा साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून वाई भागातील खंडाळा गावाच्या बदल्यात कंपनी सरकारकडे घेतली. महाबळेश्वरची हवा उन्हाळ्यात उत्तम असली तरी पावसाळ्यात ते ठिकाण राहण्याजोगे उरत नसे, आणि दरवर्षी जूनमध्ये तेथील बिऱ्हाडे खाली उतरत असत. त्याच डोंगररांगेत पूर्वेकडे सुमारे १३०० मीटर उंचीवर, पसरणीचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पठाराच्या कुशीत पाऊस बराच कमी पडतो, त्यामुळे तेथे बाराही महिने राहता येते. ही गोष्ट ध्यानात घेऊन जॉन चेसन यांनी रुस्तमजी दुभाष यांच्यासह त्या डोंगरांची पाहणी केली, दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली जागा पसंत केली आणि पुढे तेथील अधीक्षक म्हणून कारभार पाहिला, असा या स्थानाचा रूढ वृत्तांत आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओक आणि मेक्सिकोतील पॉइन्सेटिया यांची पाचगणीतील लागवड त्यांच्याच नावावर सांगितली जाते. बंगल्यांना माणसे लागतात, म्हणून शिंपी, परीट, खाटीक, भाजीवाले आणि बांधकामाचे ठेकेदार यांनाही चेसन यांनी तेथे येऊन राहण्यास उत्तेजन दिले आणि बाजाराच्या खालच्या अंगाची जागा त्यांना नेमून दिली. तो भाग आजही गावठाण म्हणून ओळखला जातो.

म्हणजे पाचगणीचा आद्य पूर्वज एक नाही. इंग्रज अधीक्षक, त्याच्यासोबत डोंगर पालथा घालणारा पारशी गृहस्थ आणि गावठाणात पहिली चूल मांडणारी कारागीर कुटुंबे, अशा किमान तीन प्रकारच्या माणसांचा वंशशोध येथे करावा लागतो, आणि या तिन्ही प्रकारांची कागदपत्रे तीन निरनिराळ्या जगांत ठेवलेली आहेत.

चेसन यांच्यापासून आरंभ करणे सोपे वाटते, कारण त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रसिद्ध नावाभोवती साचलेली भर आधी खरवडून काढावी लागते आणि ते काम वाटते तितके हलके नसते. प्रवासी पुस्तिकांत आणि हॉटेलांच्या माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख सर्रास ‘लॉर्ड जॉन चेसन’ असा होतो. इंग्लंडमधील उमराव घराण्यांची वंशावळ देणारा ‘बर्क्स पीअरेज’ हा ग्रंथ १८२६ पासून निघत आला आहे, आणि नावामागे थेट ‘लॉर्ड’ लावण्याचा मान तेथील रिवाजाप्रमाणे ड्यूक व मार्क्विस या दोन वरच्या श्रेणींच्या धाकट्या मुलांना असतो. चेसन हे त्यांपैकी कोणत्याही घराण्याचे आडनाव नाही. ही पदवी गिरिस्थानाची शोभा वाढवण्यासाठी मागाहून चिकटवलेली आहे असे मानण्यास हरकत नाही, आणि ती गृहीत धरून जो इंग्लंडमधील सरदारांच्या यादीत पाचगणीच्या अधीक्षकाचे गोत्र शोधू लागेल त्याचे श्रम फुकट जातील. मोठ्या माणसाला मोठे कुळ हवे असते, ही समजूत केवळ आपल्याकडच्या बखरींपुरती नाही.

दुसरा मोह आडनावाच्या साम्याचा असतो. १८६० च्या आसपास मुंबईतून निघणाऱ्या ‘बॉम्बे मिसेलनी’ या नियतकालिकावर प्रकाशक म्हणून चेसन आणि वुडहॉल अशी जोडनावे छापलेली आढळतात. लंडनमध्ये त्याच काळात मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचे चिटणीस फ्रेडरिक विल्यम चेसन हे होते. काळ तोच, आडनाव विरळा, आणि मुंबई पाचगणीपासून फार दूर नाही, एवढ्यावरून या तिघांना एका तक्त्यात बसवण्याची घाई कोणालाही होईल. वंशशोधाची शिस्त अशी की दोन नोंदींतील माणूस एकच आहे असे म्हणण्यासाठी नावाखेरीज आणखी दोन गोष्टी तरी जुळाव्या लागतात, उदाहरणार्थ वय, बापाचे नाव, पत्नीचे नाव, व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण. तोपर्यंत ती नोंद तक्त्याबाहेर, वेगळ्या टिपणात ठेवावी. ही शिस्त कंटाळवाणी आहे हे खरे, पण ती मोडल्यावर उभी राहिलेली वंशावळ पुढे तीन पिढ्या नकलली जाते आणि मग ती पुसता येत नाही.

युरोपीय कुटुंबांसाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे चर्चच्या नोंदवह्या आणि त्यांच्या नकला. इलाख्यातील प्रत्येक पाद्री आपल्याकडे झालेल्या बाप्तिस्म्यांची, विवाहांची आणि दफनांची नोंद करी आणि तिची नक्कल ठराविक मुदतीने मुंबईस पाठवी, तेथून ती विलायतेस जाई. धर्मखात्याची विवरणे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नकला मुंबई इलाख्यापुरत्या १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या असून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि बापाचा हुद्दा येतो. दफनाच्या नोंदीत मृताचे वय आणि व्यवसाय, आणि पुष्कळदा मृत्यूचे कारणही मिळते. या विवरणांच्या सूच्या चाळताना गावाच्या नावाची जितकी रूपे सुचतील तितकी लावून पाहावी लागतात, कारण त्या काळचे कारकून पाचगणी, पंचगणी, पाँचगन्नी असे कानाला येईल तसे लिहीत, आणि एकाच वर्षात एकाच हाताने दोन रूपे लिहिलेली सापडतात.

इंग्लंडमधील वंशशोधकाला १८४१ पासूनची दर दहा वर्षांची घरवार शिरगणती नावांसह वाचायला मिळते, त्यामुळे तेथून येणाऱ्या वंशजाची अपेक्षा अशी असते की हिंदुस्थानातही तसेच काही असेल. येथे १८७२ आणि १८८१ पासून शिरगणती झाली खरी, परंतु आकडे काढून झाल्यावर घरोघरच्या याद्या जपल्या गेल्या नाहीत. जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा १८८६ चा कायदाही ऐच्छिक होता. म्हणून दोन नोंदींमधली पोकळी भरण्यासाठी मुंबईत दरसाल छापल्या जाणाऱ्या अल्मनाकांतील, म्हणजे पंचांग आणि रहिवाशांची यादी एकत्र देणाऱ्या पुस्तकांतील, मुफसल भागातल्या युरोपीयांच्या याद्या, ‘बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट’मधील नेमणुका आणि वर्तमानपत्रांतील जन्म-विवाह-मृत्यूचे रकाने यांवर अवलंबून राहावे लागते. मराठी वाचकाला या रकान्यांत एक गोष्ट खटकते, ती अशी की बाळंतीण झालेल्या बाईचे स्वतःचे नाव तेथे क्वचितच असते. अमक्याच्या पत्नीस मुलगा झाला, एवढ्यावर ती ओळ संपते.

चेसन यांचे थडगे सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत आहे. ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. १९७१ साली प्रथमच पाचगणीच्या नागरिकांनी आणि तेथील शाळांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन त्यांच्या स्मृतीचा समारंभ केला. गावाचे संस्थापक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्यांच्या थडग्याकडे तोवर फारसे कोणी फिरकले नव्हते, यात पाचगणीकरांचा दोष काढण्याचे कारण नाही. थडग्याची काळजी घेणारे घराणे ज्या गावात राहत नाही, तेथे थडगे हा केवळ दगड उरतो. इंग्रजांच्या अशा दफनभूमींची नोंद ठेवण्यासाठी विलायतेत १९७६ मध्ये एक संघटना निघाली आणि तिने उपखंडातील अनेक दफनभूमींवरील लेखांच्या याद्या छापल्या, त्यांचा या कामात फार उपयोग होतो. तरीही प्रत्यक्ष दगड पाहण्याला पर्याय नाही. पाचगणीच्या दमट हवेत दगडावर शेवाळ आणि दगडफूल चढते आणि अक्षरांच्या कडा झिजतात. अशा वेळी तारेच्या ब्रशाने घासणे किंवा खडू चोळणे हा लेखाचा नाश करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. सकाळचे तिरपे ऊन पडले असता नुसत्या डोळ्यांनी आणि कॅमेऱ्याने जितके वाचता येते तितके दुपारी वाचता येत नाही, हे दफनभूमीत काम करणाऱ्यांना सरावाने कळते.

पाचगणीच्या थडग्यांविषयी मात्र एक विशेष सावधगिरी बाळगावी लागते. हे स्थान आरंभापासून प्रकृती सुधारण्यासाठी येणाऱ्यांचे होते, आणि १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारल्यानंतर दूरदूरच्या प्रांतांतून रोगी येऊ लागले. साहजिकच तेथे मरण पावलेला प्रत्येक माणूस तेथला रहिवासी नव्हता. घराण्यात अशी आठवण चालत येते की आमचे पणजोबा पाचगणीला होते, आणि या ‘होते’मागे बंगला, मळा, नोकरी असे काहीबाही कल्पिले जाते. कागद पाहिल्यावर कळते की ते शेवटचे काही महिने तेथे औषधपाण्यासाठी होते. क्षय हा त्या काळी लपवण्याचा रोग होता, मुलींची लग्ने अडत असत, म्हणून घराण्याने आजार विसरला आणि गाव तेवढे लक्षात ठेवले. या उलगड्याने वंशजांचा हिरमोड होतो, आणि तो कसा सांगावा हा कामाचा भाग असतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की तो स्पष्ट सांगावा, कारण घराण्याने लपवलेली गोष्ट हीदेखील घराण्याच्याच इतिहासातील आहे.

रुस्तमजी दुभाष यांच्यासारख्या पारशी गृहस्थांचा शोध वेगळ्या वाटेने जातो. पारशी समाजात १८६५ चा विवाहविषयक कायदा झाल्यापासून लग्न लावणाऱ्या दस्तुराचा दाखला निबंधकाकडे नोंदला जाऊ लागला, आणि नवसारीच्या धर्मगुरूंनी जपलेल्या वंशावळी तर त्याहून पुष्कळ मागे जातात. अडचण आडनावांची आहे. दुभाष हे जहाजांना माल पुरवणाऱ्या आणि व्यापाऱ्यांची मध्यस्थी करणाऱ्या धंद्याचे नाव, आणि एकोणिसाव्या शतकात पारशी आडनावे अजून पुरती गोठलेली नव्हती, त्यामुळे सख्ख्या दोन भावांची आडनावे निराळी आणि अगदी परक्या दोन कुटुंबांचे आडनाव एक, असे दोन्ही प्रकार घडतात. गावावरून पडलेल्या आडनावांचीही तीच गत. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजलेला फारुख बलसारा याचे आडनाव बलसाड गावावरून आले, पण त्या गावाहून निघालेले सारे बलसारा एका घराण्याचे नव्हेत. म्हणून पारशी वंशशोधात आडनावापेक्षा माणसाचे, बापाचे आणि आजाचे अशा तीन नावांची साखळी अधिक कामाची ठरते.

गावठाणातील कुटुंबांकडे वळल्यावर मात्र कामाचा पोतच बदलतो. चेसन यांची नोंद लंडनपर्यंत पोचली पण त्यांच्या वंशाचे माणूस पाचगणीत उरले नाही, आणि गावठाणात पाचव्या-सहाव्या पिढीची माणसे नांदत आहेत पण त्यांच्या मूळ पुरुषाचा कागद सहजी मिळत नाही. एकीकडे कागद आहे आणि माणूस नाही, दुसरीकडे माणूस आहे आणि कागद नाही, असा हा पेच आहे. शिवाय जो कागद मिळतो त्यात आडनाव नसते. एकोणिसाव्या शतकातील महसुली कागदांत माणूस ‘लक्ष्मण बिन रामा परीट’ अशा धर्तीवर येतो. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि बाईचे नाव आल्यास कोम किंवा जोजे म्हणजे अमक्याची पत्नी. शेवटचा शब्द जातीचा किंवा धंद्याचा असतो, आणि आजचे आडनाव त्याच्या मुलाने वा नातवाने शाळेत घातला जाताना कधीतरी घेतलेले असते. त्यामुळे आजच्या आडनावाने जुन्या याद्या शोधणे व्यर्थ जाते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ज्या पिढीत आडनाव प्रथम उमटले ती पिढी आधी निश्चित करावी आणि तेथून मागे फक्त बापाच्या नावाची साखळी धरून जावे.

कागदांचे वर्षही सरळ नसते. महसुली लेखांत फसली सन असतो, जो मृगाच्या सुमारास बदलतो आणि ज्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. खाजगी लेखांत शालिवाहन शक असतो, त्यात ७८ मिळवावे लागतात. फसली १२७३ आणि शके १७८५ ही दोन्ही वर्षे मुख्यतः १८६३-६४ ची आहेत, हे ध्यानात न घेतल्यास एकाच माणसाच्या दोन नोंदी पाच शतकांच्या अंतरावर पडल्यासारख्या दिसतात. लिपी मोडी असते, आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसल्यामुळे आणि अक्षरे एकमेकांत गुंतल्यामुळे अपरिचित विशेषनामे वाचताना सराईत वाचकही अडखळतो. गावाच्या जन्ममृत्यूंची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे पुढे गाव नमुना १४ म्हणून ठरलेल्या वहीत मिळते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तालुक्यातालुक्यांत ही कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे आणि मोडी दप्तरे कपाटांतून बाहेर निघाली. त्या शोधामागील प्रश्न आरक्षणाचा होता, परंतु त्यामुळे पणजोबाच्या नावाची नोंद असलेला कागद म्हणजे काय, तो कोठे असतो आणि कसा वाचतात, हे हजारो कुटुंबांना पहिल्यांदाच कळले. वंशशोधाच्या कामाला एवढा लोकाश्रय पूर्वी कधी मिळाला नव्हता.

कागद संपतो तेथे तोंडी परंपरा उपयोगी पडते, आणि सातारा-सांगली भागात ती अजून मोडलेली नाही. हेळवी या नावाचे फिरते लोक बैलावर बसून काही वर्षांनी एकदा आपल्या ठरलेल्या घराण्यांकडे येतात, त्यांची वंशावळ म्हणून दाखवतात, नव्या जन्मांची भर घालतात आणि धान्य, कपडा किंवा जनावर दक्षिणा म्हणून घेतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत गाव आणि आडनाव यांच्या क्रमाने यात्रेकरूंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावे असतात. या दोन्ही साधनांचा पाचगणीच्या कामात नेमका उपयोग असा की ती घराण्याला त्याच्या मूळ गावाशी जोडतात. पाचगणीत येऊन दीडशे वर्षे झालेले कुटुंबही तीर्थाच्या वहीत बहुधा मूळ गावाच्या नावाखालीच सापडते, आणि हेळवी त्याला मूळ गावच्या भाऊबंदांच्या यादीतच म्हणतो. ज्याने फक्त पाचगणी हे नाव घेऊन विचारणा केली त्याला उपाध्ये वही मिटून परत पाठवतात.

या सर्व साधनांना एकत्र आणणारा दुवा जमिनीचा आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये झाला आणि त्यानंतर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद, लिहिली जाऊ लागली. वारसाचा फेरफार म्हणजे बिनखर्चाची वंशावळच असते, कारण त्यात मयताचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे नात्यांसह येतात. गावठाणातील घरजागांसाठी नगर भूमापनाची मालमत्ता पत्रके पाहावी लागतात. महाबळेश्वर, माथेरान यांसारख्या गिरिस्थानांत बंगल्यांच्या जागा सरकारने भाडेपट्ट्याने दिल्या, आणि पट्ट्याच्या कागदात प्रत्येक हस्तांतराची कारणे, गहाण, मृत्युपत्र, लिलाव, भागीदारी अशी नोंदलेली असतात. बंगल्याचे नाव मालक बदलले तरी बहुधा टिकते. इंग्रज मालकाकडून तो पारशी शेठकडे जातो, त्याच्याकडून एखाद्या शाळेकडे, आणि माळ्याची किंवा पहारेकऱ्याची खोली मात्र त्याच घराण्याकडे राहते. माणसाच्या नावावरून शोध घेणारा या साखळीत पहिल्याच विक्रीला थांबतो. जागेवरून शोध घेणाऱ्याला एकाच भूखंडाच्या कागदांत इंग्रज, पारशी आणि मराठी अशी तिन्ही घराणी एकमेकांशेजारी सापडतात, आणि कोणी कोणाला जागा दिली, कोणी कोणाकडे काम केले, कोणाचे देणे कोणी फेडले, हे कळते. पाचगणीपुरते तरी वंशशोधाचे काम माणसापेक्षा जागेपासून सुरू करणे अधिक फलदायी ठरते, असा निष्कर्ष यातून निघतो.

जागेचा कागद आणखी एक प्रश्न पुढे आणतो, तो म्हणजे बंगल्यांच्या आधीचा. त्या पठारावर पाच गावांची गुरे चरत होती, तेथून वाटा जात होत्या आणि जळण येत होते. आद्य वसाहतकर्ता या बिरुदाखाली हे आधीचे वापरकर्ते दिसेनासे होतात. महसूल खात्याकडे जाणाऱ्या चराई, वाटा आणि जळण यांविषयीच्या अर्जांत त्या गावांतील पाटलांची आणि रयतेची नावे येतात. कोणाही अधीक्षकाचा इतिहास लिहिताना ते अर्ज त्याच्या नेमणुकीच्या कागदाइतकेच आवश्यक मानले पाहिजेत.

शेवटी तक्ता कसा आखावा हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. विसाव्या शतकात छापल्या गेलेल्या मराठी कुलवृत्तांतांनी पुरुषांच्या शाखा मोठ्या काळजीने दिल्या, पण मुली लग्नापर्यंत येऊन थांबल्या आणि सुना केवळ माहेरच्या आडनावाने उरल्या. युरोपीय कुटुंबांच्या तक्त्यांत याच जागी दुसरी गाळणी लागते, कारण युरोपीय बाप आणि एतद्देशीय आई यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे नाव पुष्कळदा एकेरी लिहिलेले असते किंवा मुळीच नसते, आणि मागाहूनचे वंशज तेवढीच जागा पाहून पुढे सरकतात. पाचगणीसारख्या मिश्र वस्तीत अशी रिकामी जागा कोरी न ठेवता तेथे ‘नोंदीत नाव नाही’ असे लिहून नोंदीचे वर्ष आणि वहीचे पान द्यावे. प्रत्येक व्यक्तीच्या चौकोनात जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्याबरोबर भूखंडाचा किंवा घराचा क्रमांक यासाठी एक रकाना ठेवावा, आणि हयात माणसांची नावे त्यांच्या संमतीशिवाय छापील तक्त्यात घेऊ नयेत. हा क्रमांकाचा रकाना भरू लागला की जोजे म्हणून आलेली बाई पुढच्या फेरफारात वारस म्हणून स्वतःच्या नावाने सापडण्याची शक्यता बरीच वाढते.